मंगळवारी नाही, तर रविवारी नाही

लग्नानंतर माझ्या नवऱ्याने मला कधी पावसात उभं केलं नाही. तेवढं धाडस त्याच्या अंगात नव्हतं. ते काम साठी उलटलेल्या एका परक्या आयरिश माणसाने केलं, आणि तेही पहिल्याच भेटीत, नीट ओळखसुद्धा न होता.

तेव्हा मी कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये लावायच्या, रिपोर्ट काढायचे. काम साधं, पण अंगावर पांढरा कोट होता, आणि त्या कोटाचा मला फार म्हणजे फारच अभिमान. धुतलेला कोट गाडीच्या मागच्या सीटवर असा टांगून ठेवायचे की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाला तो दिसलाच पाहिजे. आमच्याच हॉस्पिटलमधल्या शिवॉन नावाच्या आयरिश नर्सने माझ्या सोळा वर्षांच्या केतकीला गेलिक फुटबॉल या त्यांच्या आयरिश खेळाच्या नादाला लावलं होतं. त्या रविवारी मी पहिल्यांदाच लेकीची मॅच बघायला गेले. थंडी होती, जॅकेट घरी विसरलं होतं, म्हणून मी गाडीतला कोट अंगात घातला. निदान मी आजही तसंच सांगते.

मैदानाच्या कडेने एक उंच, वाकलेला माणूस पळत आला. त्याने आधी माझ्या दातांकडे बघितलं, मग कोटाकडे.

"पांढरा कोट! ग्रँड! डॉक्टर, त्या खांबाशी उभ्या राहा."

मला काय वाटलं असेल? वाटलं, या देशात इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला ओळखलं. मी ऐटीत गोलच्या खांबाशी जाऊन उभी राहिले आणि कुणाला लागतंय का ते गंभीर चेहऱ्याने न्याहाळू लागले. पाऊस सुरू झाला. बॉल आडव्या दांडीच्या वरून गेला आणि मैदानावरच्या सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मीही त्यांच्याकडे बघितलं.

"फ्लॅग, डॉक्टर, फ्लॅग!"

माझ्या पायाशी दोन झेंडे पडले होते, एक पांढरा, एक हिरवा. मला वाटलं, कुणीतरी जखमी झालंय आणि ॲम्ब्युलन्सला खूण करायची आहे. मी हिरवा उचलला आणि प्लॅटफॉर्मवर पाहुण्यांना हात करावा तसा जोरजोरात हलवला.

या खेळात गोलच्या खांबाशी जे अंपायर उभे असतात ते पांढरे कोट घालतात. बॉल दांडीवरून गेला तर एक पॉइंट, त्याला पांढरा झेंडा. दांडीखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे तीन, त्याला हिरवा. म्हणजे मी आमच्या टीमला एका झटक्यात दोन पॉइंट फुकट दिले होते. समोरच्या टीमच्या बायका माझ्यावर धावून आल्या, आणि मी त्यांना विचारत होते, "व्हेअर डझ इट हर्ट?"

दुसऱ्या कुणी मला हाकललं असतं. या गृहस्थांनी चूक दुरुस्त करून घेतली, मला पावसातच खेळाचे नियम समजावले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी अकरा वाजता. कोट आणा." मी डॉक्टर नाही हे मी त्यांना सांगणारच होते. पुढची कितीतरी वर्षं सांगणारच होते.

सगळे त्यांना बॉस म्हणायचे. पेशाने ते दातांचे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. माणूस भेटला की त्यांची नजर आधी तोंडात जायची, चेहरा नंतर. कुणाचं नाव विसरले तर म्हणायचे, "ती गं, डावीकडची दाढ भरलेली." माउथगार्ड विसरलेल्या मुलीला मैदानात पाय ठेवू देत नसत. "गुडघे देवाने दोन दिलेत. पुढचे दात मोजून दिलेत," म्हणायचे. बूट आत आणलेले त्यांना चालायचे नाहीत. बाहेरच्या भिंतीवर आपटून चिखल झाडायचा आणि दाराशी ओळीने जोड्या लावायच्या. घरात बूट घालून फिरणाऱ्या या देशात, चपला बाहेर काढा म्हणून ओरडणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

इथे कुणालाच पैसे मिळत नसत. खेळणाऱ्यांना नाही, बॉसना नाही, मला तर नाहीच. मैदानसुद्धा एका रग्बी क्लबकडून मागून घेतलेलं. रग्बीच्या त्या उंच खांबांना बॉस दर वेळी स्वतःच्या हाताने खालून जाळी बांधायचे आणि नंतर सोडून पोत्यात भरायचे. आयर्लंडहून एखादी मुलगी नोकरीला आली की विमानतळावरून सुटकेससकट आधी मैदानावर यायची. राहायला खोली, बाळंतपणात मदत, जुना सोफा, सगळं तिथेच ठरायचं. केतकीने एकदा नागपूरची एक आयटीवाली मुलगी आणली, वर्क व्हिसावर आलेली, एकटी, घरमालकाने ऐन हिवाळ्यात खोली सोडायला सांगितलेली. बॉसनी तिला विचारलं, "पळता येतं?" ती म्हणाली, "फारसं नाही." "हरकत नाही. खोली मिळेल. पळणं नंतर बघू." त्या संध्याकाळी तिचं सामान शिवॉनच्या घरी पोचलं. ती पुढे राइट हाफ बॅकला खेळायला लागली आणि मला येऊन म्हणाली, "काकू, आईला सांगू नका हं, तिला वाटतं मी बॅडमिंटन खेळते."

जर्सी धुण्याची पाळी असायची. मॅच झाली की चिखलाची बॅग एकेका घरी. बॉसचं म्हणणं, जर्सी कुणाची नसते, उसनी असते, घेतली त्याहून बरी परत करायची. आमची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा बाहेर पाऊस होता, म्हणून मी पंधरा जर्स्या किचनभर टांगल्या आणि नेहमीसारखी आमटीला फोडणी दिली. रविवारी ड्रेसिंगरूममध्ये सगळ्या टीमला हिंगाचा आणि कढीपत्त्याचा वास. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. त्या दिवशी आम्ही जिंकलो. पुढच्या पाळीला मी शहाणपणा करून जर्स्या दोनदा धुतल्या, लव्हेंडर टाकलं, बेडरूममध्ये वाळवल्या. बॉसनी एक जर्सी नाकाला लावली आणि चेहरा पाडून म्हणाले, "डॉक्टर, वास कुणी काढला?"

एवढी गंमत होती, पण एका बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. ट्रेनिंग मंगळवारी संध्याकाळी. जी मंगळवारी येणार नाही ती रविवारी खेळणार नाही. आजारी असेल, ड्यूटी असेल तर आधी फोन. बाकी काहीही सबब असो, मंगळवारी नाही तर रविवारी नाही.

आता माझ्याबद्दल. मी त्या काळात आमच्या महाराष्ट्र मंडळाची सांस्कृतिक प्रमुख होते. हे पद किती मोठं आहे हे पंतप्रधानांना माहीत नसेल, पण मला होतं. गणपतीत मी मुलींचा कोळी डान्स बसवायचे. हातात छडी नसायची एवढंच, बाकी माझा आवाज पार्किंगपर्यंत जायचा. केतकी पहिल्या रांगेत मधोमध. त्या वर्षी ती अठरा वर्षांची झाली होती, सप्टेंबर संपता संपता नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत जाणार होती. आणि त्याच वर्षी आमच्या क्लबच्या मुली पहिल्यांदा फायनलला पोचल्या. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी, फायनल रविवारी, बर्मिंगहॅमजवळ. म्हटलं तर दोन्ही जमत होतं. अडचण मंगळवारची होती. मंगळवारी ट्रेनिंग आणि त्याच वेळेला आमची रंगीत तालीम.

"आई, मंगळवारी मला जायलाच पाहिजे," केतकी म्हणाली.

"एक मंगळवार नाही गेलीस तर आभाळ कोसळणार नाही. त्यांच्या टीममध्ये तुझ्याएवढं पळणारं आहे कोण? फायनलला तुला बाहेर ठेवतील? वेडे आहेत का ते?"

मी तिला गाडीत घालून तालमीला नेलं. फोनही करू दिला नाही. म्हटलं, काय कारण सांगणार, डान्स? त्या संध्याकाळी आभाळ खरंच कोसळत होतं. वायपर फुल स्पीडवर असूनही रस्ता दिसत नव्हता. मी मनात म्हटलं, अशा पावसात ट्रेनिंग झालंही नसेल.

ट्रेनिंग झालं होतं. बुधवारी शिवॉनने लॅबमध्ये येऊन सांगितलं, टीम लागलीय, केतकीचं नाव पंधरात नाही.

घरी केतकीने दार आपटलं नाही, रडलीही नाही. मला त्याचाच जास्त राग आला. म्हणाली, "इट्स फेअर, आई. मी नव्हते तिथे."

मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हते. गुरुवारी चकल्यांचा डबा घेऊन बॉसच्या घरी गेले. ते एकटेच राहायचे, पत्नी बरीच आधी गेलेली. बाथरूम वापरायला मागितली तर टबात क्लबचे सगळे बॉल साबणाच्या पाण्यात तरंगत होते. बाहेर आले तर त्यांनी चहा केला होता आणि डबा उघडला होता.

"हे काय आहे, डॉक्टर?"

"चकली. आमच्याकडे सणाला करतात."

त्यांनी एक तुकडा मोडला. कडाक् आवाज आला. त्यांचे डोळे चमकले. "हे खाणारे पेशंट मिळाले असते तर मी रिटायर झालोच नसतो."

मी मुद्द्यावर आले. "एकच मंगळवार, बॉस. पोरगी आता जाणार. या टीमबरोबर ही तिची शेवटची मॅच."

"माहीत आहे."

"चूक तिची नाही. मी नेलं तिला."

"तेही माहीत आहे. ती बोलली नाही, पण मी ओळखलं." त्यांनी दुसरी चकली घेतली. "काय होतं मंगळवारी?"

"रंगीत तालीम. शेवटची. सगळे कपडे, म्युझिक, सगळं घालून."

"आणि एखादी मुलगी त्या तालमीला आली नसती तर?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "तर तिला स्टेजवर पाय ठेवू दिला नसता! मागच्या वर्षी खुद्द अध्यक्षांच्या मुलीला काढलं. आईबाप माझ्या पाया पडायचे बाकी होते. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम!"

वाक्य संपलं आणि खोलीत फक्त चकलीचा आवाज राहिला. ते हसलेसुद्धा नाहीत. दुखऱ्या जागी हात लावून किती वेळ थांबायचं, हे दातांच्या डॉक्टरला बरोबर कळतं. मी चहा संपवला आणि रिकाम्या हाताने घरी आले. डबा त्यांनी ठेवून घेतला.

शनिवारी केतकी नाचली. चांगली नाचली. रविवारी पहाटे बॅग भरून बसमध्ये बसली, पंधराजणींनंतरची सोळावी म्हणून. जादा अशी तीच एक होती. मी कोट घेऊन गेले, कारण माझीही ड्यूटी होती, खांबाशी.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत चालली होती. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना आमची कॅप्टन शिवॉन बॉलसाठी उडाली आणि पडली ती गुडघा धरूनच. तिला उचलून बाहेर नेलं. आता आमच्या चौदा उरल्या, आणि बाकावर केतकी, ट्रॅकसूट काढून, माउथगार्ड लावून, उभी. मी अंपायर, खांब सोडता येत नाही. लांबून सगळं दिसत होतं, ऐकू अर्धंच येत होतं. पालक ओरडत होते. शिवॉन बाकावरून ओरडत होती, तिचा आवाज मात्र स्पष्ट आला.

"बॉस, मी कॅप्टन आहे! घाला तिला!"

"पाय वर ठेव आणि बर्फ लाव," बॉस म्हणाले. त्यांनी बाकाकडे वळूनही बघितलं नाही.

मी मराठीत ओरडले, "अहो, घाला ना तिला! काय दगड आहात का?" दुसऱ्या खांबाशी समोरच्या टीमचा अंपायर होता, एक जाडजूड शांत गृहस्थ. तो म्हणाला, "स्टेडी, लव्ह." मी झेंडा टाकून निघालेच होते. मग केतकीकडे बघितलं. तिने ट्रॅकसूट परत चढवला होता आणि बाकावर बसून टीमला ओरडून सांगत होती, "लेफ्ट! लेफ्ट सांभाळा!" मी परत खांबाशी गेले.

चौदाजणी जीव तोडून पळत होत्या. अगदी शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुलीने लांबून मारलेला बॉल माझ्या डोक्यावरून गेला, दांडीच्या वरून, खांबाच्या आतून. वीतभर आतून असेल. दुसरा अंपायर माझ्याकडे बघत होता, कारण बाजू माझी होती. मी पांढरा झेंडा उचलला. आम्ही एका पॉइंटने हरलो.

त्यानंतर चहा-सँडविच झालं, दोन्ही टीमचं एकत्र, तशी त्यांची पद्धतच. बॉसशी कुणी बोललं नाही. ते बाहेर बसच्या पायरीवर जाऊन बसले. मी भांडायलाच गेले. मनात चांगली भाषणं तयार होती, मंडळाचा सराव होता.

मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "ती असती तर जिंकलो असतो."

"मग?"

"मंगळवारचा पाऊस आठवतोय? पंधराजणी आल्या. शिवॉन नाइट ड्यूटी करून, दोन तास झोपून आली. तुमची नागपूरवाली बसने आली, बस बंद पडली तर चालत आली." ते हाताकडे बघत बोलत होते. "मी यांना पैसे देत नाही, डॉक्टर. काहीच देत नाही. देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे, की आलात म्हणून खेळलात. तेही मोडलं तर पुढच्या मंगळवारी मी कुणाला कोणत्या तोंडाने बोलावू?"

"आणि तुम्हाला कप नको होता?"

त्यांनी वर बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "कप? डॉक्टर, मला दुसरं काय हवं होतं?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. पायरी ओली होती, कोटाला मागून चिखल लागला, तरी बसले.

बॉस जाऊन आता तीन हिवाळे झाले. त्यांना त्यांच्या गावी नेलं, आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्रापाशी. माझ्या कंबरेने मला जाऊ दिलं नाही. केतकी गेली, लहान लेकीला कडेवर घेऊन. शिवॉन कधीच परत आयर्लंडला गेलीय. नागपूरवाली मेडनहेडला असते, मोठी मॅनेजर झालीय, दिवाळीला फोन करते, आईला अजून बॅडमिंटनच माहीत आहे. टीमला मुली पुरेनात म्हणून ती दुसऱ्या शहरातल्या क्लबला जोडली. मंडळात मला आता पहिल्या रांगेत खुर्ची देतात, शाल देतात. मी काहीही म्हटलं की तरुण मंडळी म्हणतात, "काकू, तुम्ही म्हणाल तसं." जावई तेच म्हणतो. नवरा तर आधीपासूनच म्हणतो. सगळीकडे माझंच खरं. माझी चकली खात खात मला नाही म्हणणारा माणूस आता या अख्ख्या देशात उरला नाही. मंगळवारी संध्याकाळी मी खिडकीत बसते तेव्हा मला कशाची आठवण येते हे कुणाला सांगितलं तर हसतील. चिखलाची येते. ओल्या लोकरीच्या टोप्यांची, भिंतीवर आपटलेल्या बुटांच्या आवाजाची. आणि फायनलनंतरच्या त्या मंगळवारची.

सीझन संपला होता. ट्रेनिंग नव्हतंच. केतकी दोन दिवसांनी जाणार होती, घरभर तिच्या बॅगा पसरल्या होत्या. संध्याकाळी ती बूट घेऊन दारात उभी.

"अगं, कुठे? संपलं ना सगळं?"

"आई, मंगळवार आहे."

मी गाडी काढली. वाटलं, रिकामं मैदान बघेल आणि येईल परत. पोचलो तर बॉस एकटेच खांबाला जाळी बांधत होते. त्यांनीही कुणाला बोलावलं नव्हतं. आम्हाला बघून मान हलवली, जणू काही झालंच नव्हतं, आणि जाळीचं दुसरं टोक केतकीच्या हातात दिलं. दोघं मिळून बांधत राहिली. मग एक गाडी आली. मग दुसरी. नागपूरवाली आली. शेवटी शिवॉन कुबडी घेऊन आली, नुसती बघायला. आली नाही अशी एकही मुलगी नव्हती.

"दोन टीम करा," बॉस म्हणाले. बोट फिरवत त्यांनी बघितलं. "एक कमी पडतेय."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"मी? बॉस, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे!"

"दात सगळे आहेत ना? गोलमध्ये जा."

तर मी गेले. स्लॅक्स, स्वेटर आणि कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट. मी किती गोल खाल्ले ते विचारू नका. एकदा बॉल नुसता पोटावर येऊन आदळला आणि अडला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मंडळात मिळवलेल्या सगळ्या टाळ्या एकीकडे आणि ती एकीकडे. केतकी समोरच्या टीममध्ये होती. कुणीच कुणाशी फायनलबद्दल बोललं नाही. नुसत्या खेळत होत्या, हसत होत्या, आणि ती त्यांच्यात पळत होती, तिच्या जागेवर.

साडेसातला बॉसची शिट्टी व्हायची, दर मंगळवारी, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. साडेसात होऊन गेले. रस्त्यावरचे दिवे लागले. मैदानावर दिवे नव्हतेच. बॉस मधल्या रेषेवर उभे, शिट्टी दातांत धरलेली, पण वाजवत नव्हते. मुलींच्या नुसत्या सावल्या झाल्या होत्या. त्यातली एक सावली इतरांना चुकवत माझ्या दिशेने यायला लागली. पळण्याची पद्धत माझ्या ओळखीची होती.

"बॉस!" मी ओरडले. "अंधार झाला, शिट्टी वाजवा! मला बॉल दिसत नाहीये!"

शिट्टी दातांतच ठेवून ते म्हणाले, "तिला दिसतोय."